बुंध्यावरची अळंबी

कोल्हापुरातील नागाळा पार्क, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी, राजारामपुरी या वसाहतींत ज्यांची घरे स्वतःच्या आवारात उभी आहेत, त्यांच्यापैकी अनेकांच्या दारात एखादे तरी झाड असे असते की, जे घरातल्या हयात माणसांपैकी कोणीही लावलेले नसते. आणि अशा झाडाच्या बुंध्याशी पावसाळ्याच्या उत्तरार्धात एखाद्या सकाळी हाताच्या पंजाएवढी, कडेला पांढरी आणि मध्ये तांबूस, तुकतुकीत अशी अळंबी दिसली, म्हणजे त्या घरात जी अस्वस्थता पसरते, तिची वर्दी माझ्यापर्यंत यावी, असा गेल्या कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे. वनस्पतिशास्त्र शिकविण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. परंतु वर्गात शिकविलेले ज्ञान लोकांच्या अंगणात उभे राहून पारखून घ्यावे लागते, हे मला या घरोघरच्या झाडांनी शिकविले. एक लाकडी मोगरी, एक बारीक लोखंडी सळई, एक खुरपे आणि झाडांवर चढण्यात हयात गेलेला एक सोबती, एवढ्या सामग्रीवर हे काम चालत आले आहे.

बोलावणारे गृहस्थ बहुधा दोनच प्रश्न विचारतात. ज्यांचा जीव झाडात गुंतलेला असतो, ते विचारतात की, यावर औषध कोणते मारावे. आणि ज्यांचा जीव झाडाखालच्या मोटारीत, गच्चीत किंवा शेजाऱ्याच्या कौलात गुंतलेला असतो, ते विचारतात की, झाड कधी तोडावे. दोन्ही प्रश्न प्रामाणिक असतात आणि दोहोंच्या मुळाशी एकच समजूत असते : अळंबी आज दिसली, त्या अर्थी रोग आज लागला. या समजुतीचे निरसन करणे हेच माझ्या कामाचे पहिले आणि सर्वांत अवघड अंग होय.

अळंबी हे बुरशीचे फळ आहे. तिचे खरे शरीर म्हणजे डोळ्यांना सहसा न दिसणारे तंतूंचे जाळे; ते लाकडाच्या आत वर्षानुवर्षे पसरत राहते, लाकूड हेच त्याचे अन्न असते, आणि पुरेसा साठा झाल्यावर, हवेत ओलावा असताना, बीजाणू बाहेर सोडण्यासाठी ते सालीतून डोके वर काढते. कुजलेल्या लाकडातून बुरशी आपोआप उपजते, अशी युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत समजूत होती. जर्मनीतील रोबेर्ट हार्टिग यांनी १८७० नंतरच्या दशकात लाकडातील तंतू आणि बाहेरची अळंबी यांचा संबंध दाखवून दिला, आणि बुरशी ही कुजण्याचा परिणाम नसून तिचे कारण आहे, हे सिद्ध केले. तेव्हा घरमालकाला जे फळ दिसते, त्याच्या मागे अनेक वर्षांचा इतिहास असतो. ते खुडून टाकल्याने झाडाला आराम पडत नाही. झाडाची स्थिती सांगणारा एक दृश्य पुरावा मात्र नाहीसा होतो. म्हणून फोनवर माझी पहिली विनंती हीच असते की, मी येईपर्यंत अळंबीला हात लावू नये.

आवारात गेल्यावर पाहायच्या गोष्टी तीन : अळंबी कोणत्या झाडावर आहे, झाडाच्या कोणत्या भागावर आहे, आणि ते झाड किंवा ती फांदी पडलीच तर कशावर पडेल. शेंड्याकडच्या वाळलेल्या फांदीवर पांढुरक्या, पंख्यासारख्या, खालून चिरा असलेल्या लहान अळंब्यांच्या रांगा दिसल्या, तर ती शायझोफायलम ही सर्वत्र आढळणारी जात असते. ती बहुतकरून मेलेल्या लाकडावर किंवा उन्हाने भाजलेल्या सालीवर राहते, आणि तेवढी फांदी नीट काढली की काम भागते. खोडाच्या मध्यावर, जुन्या छाटणीच्या व्रणाजवळ कठीण कान उगवला असेल, तर आतला गाभा किती पोकळ झाला आहे याची खातरजमा करावी लागते. परंतु अळंबी जमिनीलगत, मुळे जिथे बुंध्याला मिळतात तिथे असेल, तर झाड कितीही हिरवे दिसो, मी ती गोष्ट गंभीर मानतो. कारण तिथे कुजते ते झाडाला जमिनीशी बांधून ठेवणारे लाकूड.

नागाळा पार्कातील एका बंगल्याच्या फाटकाशी असलेल्या गुलमोहराचे उदाहरण देतो. बुंध्याच्या दक्षिण अंगाला गॅनोडर्मा या लाकूड कुजविणाऱ्या बुरशीच्या तीन-चार अळंब्या एकावर एक आल्या होत्या. वरचा पृष्ठभाग लाखेचा हात दिल्यासारखा चकाकणारा, कडा लोण्याच्या रंगाची, आणि खालच्या फरशीवर तसेच शेजारच्या तगरीच्या पानांवर कोकोसारखी तपकिरी भुकटी साचलेली. ती भुकटी म्हणजे कोट्यवधी बीजाणू. मालक म्हणाले, "झाड हिरवंगार आहे की हो सर. मे महिन्यात असा फुलला होता, की रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती." त्यांचे म्हणणे खरे होते. पाणी वर नेणारे लाकूड सालीलगतच्या बाहेरच्या थरांत असते. ते शाबूत आहे तोवर पाने हिरवी राहतात आणि फुलेही येतात, मग आतला गाभा आणि तळची आधाराची मुळे मऊ झालेली असली तरी. मी मोगरीने बुंधा ठोकत गेलो. उत्तरेकडे आवाज टणक येत होता. दक्षिणेकडे आल्यावर तो बद्द झाला. मग खुरप्याने माती उकरू लागलो, तर मुळांचा फाकलेला भाग हाती लागेना. कारण वाहनतळ करताना बुंध्याभोवती भर घालून वर सिमेंटच्या फरश्या थेट सालीला भिडवल्या होत्या. एक फरशी काढून सळई टोचली, तर ती विनासायास वीतभर आत गेली. माझा सोबती एवढा वेळ गप्प होता, तो खाली बसून, माती हातात घेऊन म्हणाला, "सर, हे खालनं गेलंय बघा. वळवाच्या एका वाऱ्याचं काम आहे."

वळीव म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगावे लागत नाही. चैत्र-वैशाखात दुपार कलल्यावर आभाळ भरून येते, धुळीचा लोट उठतो, आणि त्या अर्ध्या तासात शहरातली झाडे कोसळू लागतात. ते फाटक शाळेच्या वाटेवर होते. मी त्या कुटुंबाला स्पष्टपणे सांगितले की, हे झाड ठेवता येणार नाही. आणि हे सांगताना त्या घरातील वृद्ध बाईंच्या चेहऱ्याकडे पाहणे मला जड गेले, कारण त्यांच्या सासऱ्यांनी ते लावले होते. रीतसर अर्ज झाला, पाहणी झाली, मंजुरी आली, आणि फांद्या दोरीने एकेक उतरवून झाड काढले. बुंध्याचा काप उघडा पडला, तेव्हा उत्तरेकडे चार बोटे जाडीचे घट्ट लाकूड होते आणि उरलेला भाग पांढुरका, ओलसर, तंतुमय झालेला होता, त्यात काळ्या रेघा फिरलेल्या होत्या, आणि अंगठा दाबला तर तो रुतत होता. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन खाऊन टाकणाऱ्या बुरशीचे हे काम होय. याला पांढरी कूज म्हणतात. दुसऱ्या प्रकारची बुरशी सेल्युलोज खाते आणि लिग्निन मागे ठेवते. तिथे लाकूड तपकिरी होऊन चौकोनी ठिकऱ्यांत फुटते, त्याला तपकिरी कूज म्हणतात. मऊ झालेले लाकूड काही काळ वाकून सूचना देऊ शकते. ठिसूळ झालेले लाकूड बहुधा सूचना न देताच मोडते.

आता ही बुरशी आली कुठून, असा प्रश्न कोणीही विचारील. बीजाणू हवेत सर्वत्र आहेत. त्यांना बंदी करणारे फाटक कोणत्याच आवाराला नाही. निरोगी झाडाची साल त्यांना आत येऊ देत नाही, आणि म्हणून प्रत्येक बाधित झाडाचा तपास अखेर एखाद्या जुन्या इजेपाशी जाऊन थांबतो. त्या गुलमोहराच्या दक्षिणेस काही वर्षांपूर्वी सांडपाण्याच्या नळासाठी चर खणला होता आणि त्यात आड आलेली मुळे कुऱ्हाडीने तोडली होती. अन्यत्र मी पाहिले ते असे : रोषणाईसाठी खोडात ठोकलेले खिळे, तारेने आवळलेली फांदी, बुंध्याशी रोज पेटविलेला पालापाचोळा, बांधकामाच्या वेळी मुळांवर उभी केलेली वाळू-विटांची रास. पंचगंगेच्या महापुराची यात भर पडते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले आणि आवारांत दिवसचे दिवस साचून राहिले. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू उरत नाही, बारीक मुळे गुदमरून मरतात, आणि त्या मेलेल्या मुळांतून बुरशीला वाट मिळते. पूर ओसरल्यावर घराच्या भिंतींचा पंचनामा होतो. मुळांच्या हानीची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही. पुढे काही वर्षांनी त्या झाडाच्या बुंध्याशी अळंबी आली, तर महापुराची आठवण कोणाला होत नाही. मी मात्र जुन्या झाडाच्या घरी गेलो की, हटकून विचारतो : पाणी कुठवर आले होते?

याच्या उलट, भीतीचे काहीच कारण नसताना घाबरलेली घरेही मी पुष्कळ पाहिली. आंब्याच्या खोडावर करड्या-हिरवट रंगाचे, कागदाच्या तुकड्यांसारखे चिकटलेले पापुद्रे पाहून लोक झाडाला बुरशी लागली म्हणून मोरचूद आणायला धावतात. ते दगडफूल असते. बुरशी आणि शैवाल यांच्या सहवासातून घडलेला हा जीव सालीतून काहीही शोषत नाही, केवळ तिच्यावर बसतो. आणि त्याच्याच भाऊबंदांवाचून आमचा कोल्हापुरी मसाला पुरा होत नाही. हिरवळीवर एका रात्रीत उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्यांचेही तसेच. मातीत पुरलेला लाकडाचा तुकडा किंवा जुने शेण कुजते आहे, एवढाच बहुधा त्यांचा अर्थ. आणि मुळांभोवती राहून झाडाला पाणी व स्फुरद मिळवून देणाऱ्या बुरश्या तर झाडाच्या आयुष्याच्या भागीदार आहेत. बुरशी या एका शब्दाखाली मित्र, त्रयस्थ आणि वैरी असे तिन्ही येतात. तेव्हा ओळख पटविल्यावाचून फवारणी करणे म्हणजे चौकशीविना शिक्षा फर्माविणे होय.

फणसावरच्या अळंबीची गोष्ट तर आमच्या लोकांच्या ज्ञानाची साक्ष देणारी आहे. जुन्या फणसाच्या खोडावर जो लाकडासारखा कठीण, तपकिरी-काळसर गोळा धरतो, त्याला फणसांबा म्हणतात. तो सहाणेवर उगाळून त्याचा लेप लहान मुलांच्या हिरड्यांना लावण्याची, आणि लाळ गळणे व तोंड येणे यांवर तो वापरण्याची रीत पश्चिम महाराष्ट्रात चालत आली आहे. रंकाळ्याच्या बाजूला एका घरी मी फणस पाहायला गेलो, तेव्हा सुनेने तोडण्याची तजवीज केली होती आणि सासूबाईंनी, "फणसांबा आलेलं झाड कुणी तोडतंय होय?" म्हणून ती अडवून धरली होती. मी ठोकून पाहिले. गाभ्यात पोकळी होती, परंतु भोवतालचे लाकूड जाड आणि टणक होते, मुळे धडधाकट होती, आणि झाडाचा कल मोकळ्या परसाकडे होता. ते झाड राहिले. घराकडे झुकलेली एक जड फांदी तेवढी हलकी केली. मात्र एक गोष्ट मी त्या घरात बजावली, ती इथेही बजावतो : ओळख पक्की नसलेली कोणतीही अळंबी पोटात जाता कामा नये, मग ती गॅनोडर्माच्या नावाने बाजारात महाग विकल्या जाणाऱ्या औषधासारखी कितीही दिसो.

पोकळ झाड म्हणजे पडणारे झाड, हे समीकरणही खरे नाही. कळक पोकळ असून वाऱ्यात उभा राहतो, कारण भार पेलण्याचे काम बाहेरचे कवच करते. जर्मनीत कार्ल्सरूहे येथे क्लाउस मॅटेक यांनी उभ्या आणि पडलेल्या पोकळ झाडांची मापे घेऊन असे दाखविले की, निरोगी कवचाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे एक तृतीयांश असेल, तोवर खोड मोडण्याचा धोका फारसा वाढत नाही. हा नियम मुळांच्या कुजीला लागू नाही आणि एका बाजूने उघडी पडलेली ढोली त्याने मापता येत नाही. तरीही घाबरलेल्या मालकाला धीर देण्यासाठी तो मला अनेकदा उपयोगी पडला. शिवाय त्या पोकळीला भाडेकरू असतात. पोपट, पिंगळा, साळुंकी यांची पिले ढोलीत वाढतात. शहरात आता दिसणारा राखी धनेश तर स्वतः लाकूड कोरू शकत नाही, बुरशीने पोखरलेल्या जुन्या झाडाच्या ढोलीवरच त्याचा वंश अवलंबून असतो. धोका नसलेली ढोली ही आवारातील दौलत आहे, असे मी मानतो.

उपचारांच्या बाबतीत लोकांना निराश करणे माझ्या वाट्याला येते. अळंबीवर रॉकेल ओतणे, खोडाला डांबर फासणे, ढोली खरवडून तीत विटा आणि सिमेंट भरणे, हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडांची खोडे यांत्रिक करवतीने उभी चिरून आतली कूज अभ्यासली आणि १९७७ मध्ये आपला सिद्धांत मांडला. झाड माणसाप्रमाणे जखम भरून काढीत नाही. जखमेभोवती ते आतून भिंती उभारते, बिघडलेला भाग कोंडून टाकते, आणि त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढविते. ढोली खरवडणारा मनुष्य नेमकी तीच भिंत फोडतो. सिमेंट भरणारा आत ओल कोंडतो, आणि वाऱ्यात डुलणारे लाकूड व न हलणारे सिमेंट यांच्यातील घर्षणाने नवी इजा करतो. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण हे १८८५ पासून द्राक्षबागांत नावाजलेले औषध आहे. आपल्याकडेही त्याची पेस्ट ताज्या कापावर लावतात, आणि लोखंडी सुरी त्यात बुडवून तिच्यावर तांबूस थर धरला तर आणखी चुना घालायचा, ही परीक्षा जुन्या माळ्यांना पाठ असते. वरवरच्या बुरशीला ते आवर घालते. गाभ्यात पसरलेल्या तंतूंपर्यंत ते पोहोचत नाही. नारळाच्या बुंध्यातून तांबूस-तपकिरी द्रव पाझरू लागला, तर तो याच गॅनोडर्माचा घाला असू शकतो. तिथे लवकर लक्षात आल्यास माडाभोवती चर खणून तो शेजारच्या माडांपासून वेगळा करणे, दरवर्षी पाच किलो निंबोळी पेंड घालणे आणि एक टक्का बोर्डो मिश्रण मुळांशी ओतणे, हा उपाय शिफारस केलेला आहे. मोठ्या आंब्या-गुलमोहराला असे खात्रीचे औषध नाही. त्याला मोकळी माती, योग्य पाणी आणि नवी इजा न होऊ देणे, एवढेच देता येते.

झाड काढण्याचा निर्णय मालकाने एकट्याने घ्यायचा नसतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते किंवा ठाऊक असून नको असते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये शहरातील झाड तोडण्यास आधी परवानगी घ्यावी लागते, मग ते झाड स्वतःच्या खासगी आवारातले का असेना. आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला आहे. मला हा कायदा प्रिय आहे, कारण अळंबीचे निमित्त करून झाडाचा काटा काढू पाहणारी माणसे मी पाहिली आहेत. पोर्चच्या आड येणारा फणस, पाने गाळून गच्चीचा नळ तुंबविणारा वर्षावृक्ष, नव्या इमारतीच्या नकाशात न बसणारा आंबा, यांच्यावर उगवलेली यःकश्चित बुरशी एकाएकी जीवघेणी ठरते, आणि मला तशी चिठ्ठी लिहून देण्याचा आग्रह होतो. अशी चिठ्ठी मी लिहून दिली नाही. त्याचप्रमाणे, रस्त्यावर खरोखर कोसळू पाहणाऱ्या झाडाबद्दल केवळ मायेपोटी गप्प राहण्याचा आग्रहही मी मानला नाही. झाडावरचे प्रेम आणि झाडाखालून जाणाऱ्या माणसाची काळजी या दोन्ही गोष्टी ज्याला एकाच वेळी बाळगता येत नाहीत, त्याने जुन्या झाडाचे मालकपण मिरवू नये.

इतकी वर्षे हे काम केल्यावर माझी जी धारणा झाली आहे, ती अशी की, अळंबीवरचा खरा उपाय अळंबी दिसण्याच्या वीस-तीस वर्षे आधी करायचा असतो, आणि तो अगदी साधा असतो. बुंध्याभोवती निदान दोन हात माती उघडी ठेवावी. तिच्यावर फरशी, भर किंवा पार चढवू नये. चर खणायचा तर झाडापासून दूरवरून न्यावा. फांदी काढायची तर ती जिथून निघते तिथली सुरकुतलेली फुगीर कड राखून कापावी, म्हणजे झाडाला आपली भिंत उभारता येते. खोडाशी सपाट कापलेली किंवा साल फाडून ओढलेली फांदी बुरशीला आमंत्रण देते. गॅनोडर्माने गेलेल्या झाडाच्या जागी लगेच तेच झाड लावू नये, कारण जमिनीत उरलेल्या मुळांत बुरशी जिवंत असते. बुंधा आणि मुळे शक्य तितकी काढून नवे रोप थोडे बाजूला आणि वेगळ्या जातीचे लावावे. आणि वर्षातून दोनदा, वळवाच्या आधी व पावसाळा सरताना, आपल्या झाडाभोवती एक प्रदक्षिणा घालून बुंधा नीट पाहावा. दारातल्या जुन्या झाडाचे वारसदार म्हणून एवढे कर्तव्य प्रत्येक घराला सहज पार पाडता येण्याजोगे आहे, आणि ते पार पाडणाऱ्या घरांत मला बोलावण्याची वेळ क्वचितच येते.